महाधमनीची झडप बदलायची आहे : मेटलची की टिश्यूची? अनुभव हवेत

रानजाई_निफाड | १८ मे, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागातले जुने धागे चाळले. बायपास आणि स्टेंटवर भरपूर आहे, झडपेवर फारसं काही सापडलं नाही, म्हणून नवीन धागा काढतेय.

माझा मोठा भाऊ, वय ५७, द्राक्षबागायतदार. वर्षभर चढावर दम लागतो म्हणत होता. वय झालं, पोट सुटलं, असं म्हणून सगळ्यांनीच सोडून दिलं. एप्रिल छाटणीच्या धावपळीत बागेतच चक्कर येऊन पडला, तेव्हा टूडी इको झाला. महाधमनीच्या झडपेला जन्मापासून तीनऐवजी दोनच पाकळ्या आहेत आणि त्यांवर कॅल्शियम साचून त्या कडक झाल्यात. रिपोर्टात 'सिव्हिअर एऑर्टिक स्टेनोसिस' (झडप फारच अरुंद झालीये), उघडणाऱ्या वाटेचं क्षेत्रफळ ०.७ चौ. सेंमी, मीन ग्रेडियंट (झडपेच्या दोन बाजूंच्या दाबांतला सरासरी फरक) ५२. अँजिओग्राफीत ब्लॉक नाही.

सर्जन म्हणाले, छाती उघडून झडप बदलावी लागेल. पण कोणती घालायची हे आमच्यावर सोडलंय. मेटलची टिकाऊ, पण जन्मभर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या. टिश्यूची घातली तर गोळ्यांची कटकट नाही, पण पुढे कधीतरी ती खराब होणार आणि पुन्हा ऑपरेशन. आठवड्यात कळवा म्हणाले.

दादाचं म्हणणं तिसरंच. ऑक्टोबरची छाटणी होऊ दे, माल निघू दे, मार्चनंतर बघू.

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी मोकळेपणाने लिहा. चांगलं-वाईट दोन्ही. 'सगळं छान होईल' हे नातेवाईक सांगतायतच.

तिखटमीठ | १८ मे, रात्री १०:१५

ताई, दादांना शुभेच्छा. अनुभव नाही, पण वाचतेय. माझ्या सासऱ्यांनाही 'झडप थोडी जाड झालीये' असं सांगितलंय.

स्टेथो | १८ मे, रात्री ११:३०

मी सर्जन नाही, भूलतज्ज्ञ. पण बरीच वर्षं हृदयाच्या ऑपरेशन थिएटरमध्येच गेली आहेत, त्यामुळे थोडं लिहितो. हा सल्ला नव्हे. पेशंट न बघता सल्ला देऊ नये.

आधी मार्चचं. क्षेत्रफळ १ चौ. सेंमीपेक्षा कमी किंवा मीन ग्रेडियंट ४० च्या वर गेला की स्टेनोसिस तीव्र धरतात. तुमचे आकडे त्याच्या बरेच पुढे आहेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दादा पडलेत. या आजारात माणूस वर्षानुवर्षं ठणठणीत असतो, आणि लक्षणं सुरू झाली की उतार एकदम तीव्र होतो. १९६८ साली रॉस आणि ब्राउनवाल्ड यांनी मांडलेला हिशेब आजही शिकवला जातो: ऑपरेशन केलं नाही तर छातीत दुखायला लागल्यापासून सरासरी पाच वर्षं, बेशुद्ध पडायला लागल्यापासून तीन, आणि हार्ट फेल्युअर सुरू झाल्यापासून दोन. सरासरी म्हणजे काहींचं त्याच्या खूप आधी होतं, तेही अचानक. काठोकाठ भरलेल्या हंगामात, उन्हात, मजुरांच्या मागे धावताना हे नको. सर्जनच्या तोंडून दादांना हे स्पष्ट ऐकवा. बहिणीचं ऐकत नसतील तर.

आता झडप. नियमावल्या वयावर बोलतात, पण त्यांच्यातही एकमत नाही. अमेरिकेची २०२० ची नियमावली म्हणते, ५० च्या आत साधारणपणे मेटलची, ६५ च्या पुढे टिश्यूची, मधल्यांनी डॉक्टरांशी बसून ठरवावं. युरोपची २०२१ ची ६० च्या आत मेटलकडे झुकते. कॅलिफोर्नियातल्या हजारो पेशंटांचा एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये आला. त्यात महाधमनीच्या जागी मेटलच्या झडपेमुळे आयुष्य जास्त मिळाल्याचा फायदा साधारण ५५ वर्षांपर्यंतच दिसला. म्हणजे दादा नेमके उंबरठ्यावर. सर्जनने निर्णय तुमच्यावर सोडला तो हात झटकायला नव्हे, खरंच दोन्ही बाजू तुल्यबळ आहेत म्हणून.

निव्वळ महाधमनीची झडप बदलण्यात, पेशंट बाकी धडधाकट असेल तर, चांगल्या केंद्रात ऑपरेशनच्या वेळचा मृत्यूचा धोका शंभरात एक ते तीन असतो. पक्षाघाताचा धोकाही साधारण एक-दोन टक्के. ही भीती घालायला लिहीत नाही, तुम्ही खरं विचारलंत म्हणून.

अक्कलकाढा | १९ मे, सकाळी ७:०५

कापाकापीची एवढी घाई कशाला? माझ्या ओळखीत एकाला झडपेचा त्रास होता. अर्जुनारिष्ट आणि लसणाचं दूध घेऊन ठणठणीत आहे. कॅल्शियम विरघळवणारी औषधं आपल्याकडे आहेत, पण फार्मा कंपन्या...

स्टेथो | १९ मे, सकाळी ७:४०

अक्कलकाढा, ओळखीतल्या माणसाचा इको आधी आणि नंतर केलेला असेल तर रिपोर्ट टाका. कोणती झडप, गळत होती की आकुंचन पावली होती, तेही लिहा. महाधमनीच्या झडपेवरचं कॅल्शियम ॲलोपथीच्या गोळीनेही विरघळत नाही. स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळीने, वाढ तरी मंदावेल अशी आशा होती; २००८ च्या सीज नावाच्या मोठ्या चाचणीत ती मावळली. म्हणजे फार्मा कंपन्यांचाही इथे पोपट झालाय. कडक झालेली झडप ही अडकलेलं दार आहे, औषध पिऊन दार सैल होत नाही.

इंजिनिअर_ठाणे | १९ मे, सकाळी ९:१०

अक्कलकाढा यांच्यासाठी एक गंमत. भारतीय बनावटीची चित्रा झडप ज्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली ते डॉ. वलियाथन निवृत्तीच्या वयात चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांच्या ग्रंथांच्या अभ्यासात बुडाले होते. आयुर्वेदाचा एवढा अधिकारी माणूस, आणि झडपेसाठी त्यांनी काढा शोधला नाही, कारखाना शोधला.

अवांतर होतंय, पण ही गोष्ट सांगण्यासारखी आहे. सत्तरच्या दशकात परदेशी झडपा भारतीय पेशंटला परवडत नव्हत्या. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉक्टर आणि इंजिनिअर एकत्र बसून झडप बनवायला लागले. पहिली तीन मॉडेलं फसली. एका मॉडेलात तर नीलमण्याची, म्हणजे कृत्रिम सफायरची, चकती होती. ती मेंढीच्या शरीरात तुटली. चौथं मॉडेल टिकलं: कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची चौकट आणि त्यात तिरपी होणारी प्लास्टिकची चकती. प्लास्टिक म्हणजे कृत्रिम सांध्यांत वापरतात ते अतिउच्च रेणुभाराचं पॉलिएथिलीन. डिसेंबर १९९० मध्ये ही झडप पहिल्यांदा माणसाला बसवली. त्यानंतर लाखाहून जास्त बसल्या. वलियाथन सर २०२४ च्या जुलैत गेले.

आपलं हृदय दिवसाला साधारण लाखभर वेळा ठोके देतं, वर्षाला साडेतीन-चार कोटी. म्हणून आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे मेटलच्या झडपेला प्रयोगशाळेत ४० कोटी वेळा उघडझाप करून दाखवावी लागते, टिश्यूच्या झडपेला २० कोटी. दहा वर्षं आणि पाच वर्षं असा अंदाजे हिशेब. एवढी कडक परीक्षा का? इतिहास वाईट आहे म्हणून. ब्यॉर्क-शायली नावाच्या झडपेच्या एका मॉडेलची चकती धरून ठेवणारी दांडी तुटायची आणि चकती निसटायची. शेकडो पेशंटांच्या बाबतीत असं झालं, शेवटी १९८६ मध्ये ते मॉडेल बाजारातून गेलं. आजच्या मेटलच्या झडपा स्वतः तुटत नाहीत. त्यांचं दुखणं वेगळं आहे.

सह्यकडा | १९ मे, सकाळी ११:२५

वेगळं दुखणं ते मी सांगतो. मी चित्राधारी. १९९८ साली, वय ३१ असताना बसवली. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेला होता, त्याने झडप खाल्ली. आज नातू खेळवतोय, तेव्हा 'आउटकम' विचारत असाल तर हा घ्या.

पहिलं, आवाज. रात्री शांततेत टिकटिक ऐकू येते. सुरुवातीला झोप उडायची. आता बायको म्हणते, आवाज येतोय तोवर मी निवांत झोपते. नातू छातीला कान लावून 'आजोबांचं घड्याळ' ऐकतो.

दुसरं, गोळी. ॲसिट्रॉम, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी, संध्याकाळी ठरल्या वेळी. चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारायचं. रक्ताची आयएनआर तपासणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) दर महिन्याला, आणि आजारपण किंवा अँटिबायोटिक झालं की लगेच. माझा पल्ला २.५ ते ३.५. खाली गेला की गुठळी, वर गेला की रक्तस्राव. दाढी करताना कापलं तर वेळ लागतो थांबायला, पण थांबतं. ट्रेकला जातो. मात्र दोर लावून कडा चढणं सोडलं, नाव तेवढं उरलंय.

पेनकिलर स्वतःच्या मनाने कधीच नाही. डायक्लोफेनॅक, ब्रुफेन आणि मेडिकलवाल्याने प्रेमाने दिलेलं 'अंगदुखीचं घ्या हो एक', हे सगळं बंद.

शेपूची_भाजी | १९ मे, दुपारी १:००

माझं नाव बघून कोणी मला या धाग्यावरून हाकलणार नाही ना? मावशीला मेटलची झडप आहे आणि तिच्या घरात पालेभाजीवर बंदी आहे. पालक, मेथी, शेपू, अळू, सगळं बंद. कोथिंबीरसुद्धा मोजून.

स्टेथो | १९ मे, दुपारी २:२०

शेपूताई, मावशीला तुम्ही भेटायला जा, आणि भाजी घेऊनही जा. हा सगळीकडचा गैरसमज. पालेभाज्यांतलं व्हिटॅमिन के गोळीच्या विरुद्ध काम करतं हे बरोबर. पण नियम 'खाऊ नका' असा नाही, 'रोज साधारण सारखं खा' असा आहे. आठवडाभर वरण-भात आणि मग श्रावणात एकदम अळूचं फदफदं, मेथीचे मुटके, पालकाची पातळ भाजी, तर आयएनआर गडगडतो. वर्षभर थोडी-थोडी खाणाऱ्याचा डोस त्या खाण्याला धरूनच ठरतो. पालेभाजी अजिबात न खाणाऱ्यांचा आयएनआर उलट जास्त हेलकावे खातो, कारण एखादी वाटी खाल्ली तरी ती मोठी ठरते.

काढे, गिलॉयच्या गोळ्या, लसणाच्या कॅप्सूल यांचं मात्र डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नको. अक्कलकाढा, हे तुमच्यावर नाही, हघ्या.

अक्कलकाढा | १९ मे, दुपारी २:३१

घेतलं हलकं.

मनस्विनी_के | १९ मे, सायंकाळी ६:४५

टिश्यूच्या बाजूने सगळे बोलण्याआधी आमचं ऐका. आईला ५२ व्या वर्षी टिश्यूची झडप बसवली, कारण तिला गोळ्यांची भीती वाटत होती. पंधरा वर्षं जातील म्हणाले होते. नऊ वर्षांत गळायला लागली. दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा जड गेलं. आतलं सगळं चिकटलेलं असतं, वेळ जास्त लागतो, रक्त जास्त जातं. दुसऱ्यांदा तिने मेटलची घेतली. आज ती म्हणते, पहिल्यांदाच घेतली असती तर एक फाळणी वाचली असती. (छातीच्या हाडाच्या ऑपरेशनला ती फाळणी म्हणते.)

कमी वयात टिश्यूची झडप लवकर खराब होते, हे आम्हाला कोणी ठासून सांगितलं नव्हतं. ५७ म्हणजे काही म्हातारपण नव्हे.

हणमंता_कोल्लापूर | १९ मे, रात्री ८:१०

माझ्या काकांना ६८ व्या वर्षी टिश्यूची घातली. आता ७९. शेतात जातात, म्हशीची धार काढतात, आम्हाला शिव्या घालतात. गोळी फक्त ॲस्पिरीन. पहिले काही महिने रक्त पातळ करायची दुसरी गोळी दिली होती, मग बंद केली.

पण ६८ आणि ५७ यात फरक हाय हे मान्य.

बोरीवलीकर | १९ मे, रात्री ९:३३

सगळे छाती उघडायच्याच गोष्टी करताहेत. मांडीतून घालतात ती झडप का नको? मिक जॅगरने २०१९ मध्ये करून घेतली आणि काही आठवड्यांत स्टेजवर नाचत होता. वय पंचाहत्तर!

स्टेथो | १९ मे, रात्री १०:५०

टावी. फ्रान्समधल्या रूआँ इथे ॲलँ क्रिबिए यांनी २००२ साली पहिल्यांदा केलं तेव्हा सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं. आज पंचाहत्तर-ऐंशीच्या पुढे बहुतेकांसाठी तोच पहिला पर्याय आहे. छाती उघडावी लागत नाही, काही दिवसांत माणूस घरी. आपल्याकडे वापीत बनणारी मायव्हॅल नावाची झडपही आहे.

दादांच्या बाबतीत अडचणी तीन. दोन पाकळ्यांची झडप वेडीवाकडी कडक झालेली असते, तिथे टावीची झडप नीट पसरून बसेलच असं नाही, कडेने गळती राहू शकते. अशा लोकांची महाधमनीही बऱ्याचदा फुगलेली असते. ऑपरेशनमध्ये ती त्याच वेळी दुरुस्त करता येते, टावीत नाही. (ताई, इकोमध्ये महाधमनीचा व्यास किती लिहिलाय ते बघा. सीटी सांगितला असेल तर करून घ्या.) आणि टावीची झडपही टिश्यूचीच असते. ५७ व्या वर्षी घातली तर ती निकामी झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न तिथेही उभाच. शिवाय पेसमेकर लागण्याचं प्रमाण टावीत जास्त, आणि झडपेचीच किंमत कित्येक लाखांत.

मनस्विनी, तुमच्या आईचा अनुभव खरा आहे. फक्त एक भर घालतो. आता टिश्यूची झडप खराब झाली तर तिच्या आत मांडीतून टावीची झडप बसवता येते, फाळणी पुन्हा करावी लागतेच असं नाही. पण हे गृहीत धरून चालू नका. पहिली झडप लहान असेल, १९ किंवा २१ नंबरची, तर आत दुसरी बसवल्यावर रक्ताला वाटच उरत नाही. म्हणून हुशार सर्जन पहिल्याच वेळी जमेल तेवढी मोठी झडप घालतात, गरज पडली तर महाधमनीचं मूळ रुंद करून. आपल्याकडे, विशेषतः बारीक चणीच्या बायकांमध्ये, हा मुद्दा फार महत्त्वाचा. सर्जनला नक्की विचारा, 'कोणत्या नंबरची बसेल, आणि पुढे तिच्यात दुसरी बसेल का?'

सोवळ्यातली_सून | २० मे, सकाळी ८:२०

एक प्रश्न, रागावू नका. टिश्यूची म्हणजे कोणाच्या टिश्यूची? सासूबाईंनी फोनवर विचारलंय आणि मला उत्तर द्यायचंय.

स्टेथो | २० मे, सकाळी ८:५५

दोन प्रकार सर्रास वापरतात. डुकराच्या हृदयाची झडप, किंवा गोवंशाच्या हृदयाभोवतीच्या आवरणापासून शिवलेल्या पाकळ्या. रसायनात प्रक्रिया केल्यामुळे त्यात जिवंत पेशी राहत नाहीत. अमेरिकेच्या बार्बरा बुश यांना २००९ मध्ये डुकराची बसवली होती. कोणाला श्रद्धेमुळे चालणार नसेल तर आधी बोला, सर्जनला हा प्रश्न नवा नसतो. कोणीही हसत नाही.

हणमंता_कोल्लापूर | २० मे, सकाळी ९:०२

काकांना आम्ही कोणत्या प्राण्याची ते सांगितलंच नाही. विचारलं तर 'परदेशी हाय' म्हणायचं असं ठरलंय.

सह्यकडा | २० मे, सकाळी ९:३०

@बोरीवलीकर, सेलिब्रिटींचीच उदाहरणं हवीत तर अर्नोल्ड श्वार्झनेगर घ्या. दादांसारखीच जन्मतः दोन पाकळ्यांची. १९९७ मध्ये रॉस पद्धतीचं ऑपरेशन झालं, म्हणजे स्वतःची फुफ्फुसाकडची झडप काढून महाधमनीच्या जागी लावली, आणि तिच्या जागी दान मिळालेली. २०१८ मध्ये ती दान मिळालेली बदलली, २०२० मध्ये महाधमनीची पुन्हा बदलली. एवढ्या दंडांच्या माणसालाही झडप काही कायमची मिळाली नाही.

कोथरूडची_लेक | २० मे, दुपारी १२:१०

वाईट अनुभवही हवा म्हणालात म्हणून लिहितेय. बाबांना मेटलची होती, बारा-तेरा वर्षं उत्तम चालली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी कोणीतरी 'रक्ताची गोळी बंद करा' सांगितलं. किती दिवस, पुन्हा कधी सुरू करायची, काही नाही. त्यांनी बंद केली आणि बंदच ठेवली. महिनाभरानंतर आई म्हणाली, यांचा टिकटिक आवाज येत नाही हल्ली. आम्हाला वाटलं, सवय झाली असेल तिला. दोन दिवसांत श्वास घेता येईना. झडपेवर गुठळी बसून ती अडकली होती. दवाखान्यात नेलं, पण बाबा वाचले नाहीत.

मेटल घेणाऱ्यांनी एवढं घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा: आवाज बदलला, दबला किंवा बंद झाला तर तो ताबडतोब दवाखान्यात जायचा दिवस. आणि गोळी थांबवायचा निर्णय हृदयाच्या डॉक्टरांशिवाय कोणीही घ्यायचा नाही.

तिखटमीठ | २० मे, दुपारी १२:२५

काय लिहावं कळत नाही. हे लिहिलंत म्हणून आभार.

स्टेथो | २० मे, दुपारी १:१५

कोथरूडची लेक, तुमचा परिच्छेद प्रत्येक मेटल झडपेच्या डिस्चार्ज कार्डावर छापायला हवा. मोतीबिंदूसाठी बहुतेक वेळा ही गोळी थांबवावी लागतच नाही. दात काढायलाही बऱ्याचदा आयएनआर पल्ल्यात असला की पुरतं. मोठ्या ऑपरेशनसाठी थांबवावी लागली तर मधले दिवस रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपरीनच्या इंजेक्शनचा विचार हृदयाच्या डॉक्टरांनी करायचा असतो.

दुसरं: 'आता तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या आल्यात, त्या घ्या' असं कोणी सांगितलं तर मेटल झडपेला त्या चालत नाहीत. त्यांतल्या डाबिगाट्रानची चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने मध्येच थांबवली होती, पुढे अपिक्साबानचीही थांबवावी लागली. वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉमच.

म्युनिकची_मीरा | २० मे, सायंकाळी ५:४०

इथे माझ्या शेजारच्या आजोबांकडे ग्लुकोमीटरसारखं यंत्र आहे. बोटातून थेंब काढतात, मिनिटाभरात आयएनआर. शिकवणीचा वर्ग करून प्रमाणपत्र घेतलंय आणि डोसही स्वतःच थोडा वर-खाली करतात. भारतात मिळतं का? दादांना लॅब लांब असेल तर उपयोग होईल.

सह्यकडा | २० मे, सायंकाळी ६:१५

मिळतं. यंत्रापेक्षा पट्ट्या महाग पडतात, आणि दर वर्षी एक-दोनदा लॅबच्या आकड्याशी ताडून बघावं लागतं. मी ट्रेकच्या आधी वापरतो, बाकी लॅबच.

उमलती_कळी | २० मे, रात्री १०:०५

धागा थोडा वळवतेय. माझी मैत्रीण २६ वर्षांची, लग्न ठरतंय, तिची झडप पुढच्या वर्षी बदलावी लागेल म्हणतात. तिला काय योग्य?

स्टेथो | २० मे, रात्री १०:४०

तिने ऑपरेशनआधी हृदयतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांना एकत्र भेटावं. वॉरफरिनमुळे पहिल्या तिमाहीत बाळात व्यंग येण्याचा धोका असतो. डोस रोज ५ मिग्रॅ किंवा कमी असेल तर तो बराच कमी. गोळीऐवजी हेपरीन द्यावं तर आईच्या झडपेवर गुठळीचा धोका वाढतो. म्हणून मूल हवं असणाऱ्या तरुणी कधीकधी पुढचं ऑपरेशन पत्करून टिश्यूची घेतात. दोन्हींत सोपं काही नाही. आणि होणाऱ्या नवऱ्यालाही त्या भेटीला नेऊ द्या.

हात_जोडून | २१ मे, सकाळी १०:३०

खर्चाचं कोणी बोललं नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत झडप बदलण्याचं ऑपरेशन आहे. रेशन कार्ड, आधार, रिपोर्ट घेऊन योजनेत असलेल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा. मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यायची, नंतर बिल घेऊन गेलात तर उपयोग नाही. योजनेत कोणत्या झडपा मिळतात तेही तिथेच विचारा.

आणि ऑपरेशननंतरचं थोडं, माझं गेल्या वर्षी झालं म्हणून. खोकताना छातीला उशी घट्ट धरायची, ही सगळ्यात उपयोगी गोष्ट. ते तीन छोट्या चेंडूंचं फुंकायचं, खरं तर ओढायचं, यंत्र कंटाळा आला तरी सोडू नका. तिसऱ्या दिवशी हृदय वेडंवाकडं धडधडायला लागलं, मी घाबरलो. नर्स म्हणाल्या, असं तिघांत एकाला होतं, औषधाने बसेल. बसलं. घरी आल्यावर मात्र विनाकारण रडू यायचं. मालिका बघताना, भाजी आणायला जाताना. कोणी सांगितलं नव्हतं की असं होतं. दीड-दोन महिन्यांत निवळलं. छातीचं हाड जुळायला तेवढाच वेळ लागतो. तीन महिने जड उचलणं आणि दुचाकी नाही.

रानजाई_निफाड | २२ मे, रात्री ९:२०

सगळ्यांना दंडवत. पानंच्या पानं प्रिंट काढून दादासमोर ठेवली. कोथरूडची लेक, तुमचं वाचून वहिनी रात्रभर जागी होती, पण सकाळी तिनेच दादाला सांगितलं की मार्चपर्यंत थांबायचं नाही.

आज सर्जनना भेटलो. स्टेथो, तुमचे प्रश्न चिठ्ठीवर लिहून नेले होते. महाधमनी ४१ मिमी आहे, सध्या हात लावायची गरज नाही म्हणाले. २३ नंबरची टिश्यू बसेल असा अंदाज, नाही बसली तर मूळ रुंद करू. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ऑपरेशन, म्हणजे ऑक्टोबर छाटणीला दादा बागेत उभा राहू शकेल. उभाच फक्त.

निवड दादाने केली: टिश्यू. त्याचं म्हणणं असं. हातात रोज कात्री, बोटं कापतात, तारेने ओरबाडतं, फवारणीला ट्रॅक्टरवर चढ-उतर. लॅब तालुक्याला, आणि हंगामात तो दर महिन्याला आयएनआरला जाणार नाही हे तो स्वतःच कबूल करतो. 'गोळी विसरलो तर मरेन, झडप झिजली तर आधी दम लागेल, तेव्हा बघू' असं म्हणाला.

मनस्विनी_के | २२ मे, रात्री ९:५५

मी अजूनही मेटलच सुचवलं असतं. पण निवडताना त्यांनी स्वतःचा स्वभाव धरला, तो आमच्याकडे कोणी विचारात घेतलाच नव्हता. दर वर्षी इको चुकवू देऊ नका. आईचं गळणं उशिरा लक्षात आलं, कारण मधली काही वर्षं आम्ही गेलोच नाही.

सह्यकडा | २२ मे, रात्री १०:२०

दादांना सांगा, चित्राधारी काकांची हरकत नाही. द्राक्षं मात्र पाठवायची.

स्टेथो | २२ मे, रात्री ११:०५

विचारपूर्वक निर्णय आहे. आता एक काम लगेच: दातांच्या डॉक्टरकडे न्या. किडलेले दात, सुजलेल्या हिरड्या, जे काही असेल ते ऑपरेशनच्या आधी निस्तरून घ्या. दातातले जंतू रक्तात शिरून नव्या झडपेवर बसले तर त्यासारखं वाईट काही नाही, आणि ते मेटल-टिश्यू बघत नाहीत. पुढे आयुष्यभर दात काढायच्या किंवा खोल सफाईच्या आधी तासभर अँटिबायोटिक घ्यायचं, साधारण अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, ॲलर्जी नसेल तर. तंबाखू खातात का?

रानजाई_निफाड | २२ मे, रात्री ११:१२

मिश्री लावतो. सोडतो म्हणालाय. उद्या दातवाल्यांची वेळ घेते.

हणमंता_कोल्लापूर | २३ मे, सकाळी ६:५०

रक्तदाते लागतील. माझा मेव्हणा नाशिकला सिडकोत असतो, ओ पॉझिटिव्ह, आणि त्याच्या क्रिकेट टीममध्ये आणखी पोरं आहेत. नंबर व्यक्तिगत निरोपातून पाठवतो. हॉस्पिटलने किती बाटल्या सांगितल्यात?